एक पौंड नव्व्याण्णवचा जुगार

१९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये शाळेत जाणारा कुणीही माणूस पकडा, आता पन्नाशी ओलांडलेला, गुडघे कुरकुरतायत, पेन्शनचे आकडे बघून झोप उडालेली, आणि त्याच्यासमोर नुसतं "वन नाइंटीनाइन" म्हणा. हातातला चहा खाली ठेवून तो बोलायला लागतो आणि मग पुढचा अर्धा तास तुमची सुटका नाही. आमच्या ऑफिसात असे काही नग आहेत. मी मूळचा सांगलीचा, नोकरीनिमित्त इथे लेस्टरजवळ आलो तेव्हा या लोकांच्या गप्पा मला अर्ध्याच कळायच्या, त्यांचं फुटबॉल कळायचं नाही, जुन्या टीव्ही मालिकांवरचे जोक कळायचे नाहीत, पण कॅसेट हा शब्द आला की मी कान टवकारायचो कारण कॅसेट हा आपलाही विषय. फक्त त्यांच्या कॅसेटमध्ये गाणी नव्हती. गेम होते, एक पौंड नव्व्याण्णव पेन्सला एक.

थोडं मागून सांगतो, नाहीतर नवीन पोरांना संदर्भ लागायचा नाही. एप्रिल १९८२ मध्ये सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती कॉम्प्युटर आला, १६ केबी मेमरीवाला १२५ पौंडांना आणि ४८ केबीवाला १७५ ला. रबराच्या कीज, वहीएवढा आकार, घरच्या टीव्हीला जोडायचा. त्याच वर्षी अमेरिकेत कमोडोर ६४ आला आणि मग तोही ब्रिटनमध्ये घराघरात शिरला. या मशिनांत हार्ड डिस्क वगैरे भानगड नव्हती, फ्लॉपी ड्राइव्ह घ्यायचा तर कॉम्प्युटरएवढेच पैसे, त्यामुळे स्पेक्ट्रमवाले घरातला साधा टेपरेकॉर्डर वायरने जोडायचे आणि कमोडोरवाले कंपनीचा स्वतःचा टेपरेकॉर्डर घ्यायचे. गेम म्हणजे एक ऑडिओ कॅसेट. ती टेपमध्ये लावली की कर्कश किंचाळण्याचा आवाज, तोच प्रोग्राम.

आणि ही कॅसेट सुरुवातीला काही स्वस्त नव्हती. मॅथ्यू स्मिथ नावाच्या पोराने लिहिलेला मॅनिक मायनर १९८३ मध्ये ५ पौंड ९५ पेन्सला होता, पुढे मोठ्या कंपन्यांचे गेम ९.९५ पर्यंत गेले. माझा एक सहकारी सांगतो की त्याला आठवड्याचे पौंडभर मिळायचे, म्हणजे दहाचा गेम घ्यायचा तर अडीच महिने चॉकलेट बंद, किंवा वाढदिवस नाहीतर ख्रिसमसची वाट बघत बसायचं, आणि त्यातही गेम निवडणार आई किंवा मावशी. मधले महिने मग मित्राकडून कॉपी. डबल डेकचा टेपरेकॉर्डर ज्याच्या घरी तो वर्गातला सावकार.

इथे १९८३ मध्ये मास्टरट्रॉनिक नावाची कंपनी उगवली. मार्टिन ऑल्पर, फ्रँक हर्मन आणि ॲलन शरॅम हे तिघे तिचे मुख्य लोक, आणि मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे हे कॉम्प्युटरवाले नव्हतेच. व्हिडिओ कॅसेटच्या धंद्यातून आलेली माणसं. एखादा प्रोग्रामर असता तर त्याने विचार केला असता की हा गेम लिहायला मला सहा महिने लागले, तेव्हा त्याची किंमत अमुक. या लोकांनी उलट्या बाजूने बघितलं. त्यांच्या लेखी ती प्लॅस्टिकची एक डबी होती, डुप्लिकेट करायला किरकोळ खर्च, आणि अशी डबी खपवायची तर ती जिथे गिऱ्हाईक रोज येतं तिथे ठेवायची. किंमत ठरवली १.९९ पौंड आणि माल पाठवला कॉम्प्युटरच्या दुकानांसोबतच पेपरवाल्यांकडे, पेट्रोल पंपांवर, गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दुकानात. दुकानदाराला त्या मालाबद्दल शष्प माहिती असण्याची गरज नाही. फिरता स्टँड ठेव, विकलं की पैसे दे, संपलं की आम्ही परत भरतो.

आता ब्रिटनमधलं पेपरवाल्याचं दुकान म्हटलं की आपली माणसं आलीच. युगांडातून १९७२ मध्ये इदी अमीनने हाकललेल्या गुजराती कुटुंबांनी आणि त्याआधी-नंतर केनिया, टांझानियातून आलेल्यांनी ही दुकानं घेतली, पहाटे चारला उठून पेपर लावायचे आणि रात्री उशिरापर्यंत दूध, सिगरेट, चॉकलेट विकायचं. लेस्टर तर या लोकांनीच पुन्हा उभं केलं असं म्हणायला हरकत नाही. आमच्या भागात असेच एक काका आहेत, कंपालाचे, दुकान आता मुलाने विकलं. त्यांना मी सहज विचारलं की तुमच्याकडे तो कॉम्प्युटर कॅसेटचा स्टँड होता का. होता म्हणे, विझलेल्या फ्रीजच्या शेजारी. शाळा सुटली की पोरं येऊन अर्धा-अर्धा तास तो गरागरा फिरवत बसायची आणि घ्यायची एक. मी म्हटलं, "काका, त्यात काय होतं ते तुम्हाला माहीत होतं का?" तर म्हणाले, "अरे दीकरा, मी सिगरेटसुद्धा चाळीस वर्षं विकली, ओढली एकदाही नाही."

मला वाटतं सगळी गंमत या स्टँडपाशी आहे. १.९९ ही किंमत अशी बेतलेली होती की दहा-बारा वर्षांचं पोर दोन आठवडे पैसे साठवून, घरी कुणाला न विचारता, पेपरवाल्याकडे जाऊन स्वतःच्या अकलेने गेम घेऊ शकेल. सल्ला देणारं कुणी नाही. दुकानात चालवून बघायची सोय नाही. मासिकं होती, क्रॅश, झॅप सिक्स्टीफोर वगैरे, टक्क्यांमध्ये मार्क द्यायची, पण मासिक घेतलं तर गेमला पैसे कुठून उरणार? मग हातात राहतं ते कव्हर. कव्हरवर रणगाडे, स्फोट, दात विचकणारा राक्षस, चित्रकाराने जीव ओतलेला, आणि आत गेममध्ये तो राक्षस म्हणजे चार चौकोनांचा एक जांभळा ठिपका. मागच्या बाजूला स्टँपएवढे फोटो असायचे, तेही बऱ्याचदा दुसऱ्याच कॉम्प्युटरवरचे, म्हणजे हातात स्पेक्ट्रमची कॅसेट आणि फोटो कमोडोरचा. कॉपीची भानगडही या किमतीने बऱ्यापैकी कमी केली असणार, कारण कोरी कॅसेट आणायची, मित्राची मनधरणी करायची, वर ती कॉपी नीट लोड होईल याची खात्री नाही, त्यापेक्षा ओरिजिनल परवडतो.

लोड होण्यावरून सांगतो. इथे रविवारी सकाळी शेतात नाहीतर मैदानात लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात, तिथून मी एक स्पेक्ट्रम प्लस आणि शूबॉक्सभर कॅसेट उचलून आणल्या. बायको म्हणाली घरात आधीच कमी भंगार आहे का. तिचं बरोबर होतं पण तो मुद्दा वेगळा.

तर प्रकार असा. स्पेक्ट्रमवर इंग्रजी 'जे' ही एकच की दाबली की स्क्रीनवर लोड हा अख्खा शब्द उमटतो, मग दोन अवतरण चिन्हं, एंटर, आणि टेपचं प्ले बटण. आधी एकसुरी शिट्टी येते, स्क्रीनच्या कडेला लाल आणि फिकट निळे जाड पट्टे सरकायला लागतात. ही शिट्टी म्हणजे कॉम्प्युटरला सांगणं की बाबा रे, सावध, माल येतोय. मग आवाज फाटतो, पट्टे बारीक होऊन निळे-पिवळे होतात, आणि प्रत्यक्ष डेटा सुरू. यात भारी काय आहे तर शून्य आणि एक यांच्यातला फरक फक्त लांबीचा आहे. प्रोसेसर सेकंदाला ३५ लाख ठोके मोजतो, शून्याचा प्रत्येक स्पंद ८५५ ठोक्यांचा, एकाचा बरोब्बर दुप्पट, १७१०. टेपवरून येणाऱ्या आवाजातली प्रत्येक चढउतार तो घड्याळ लावून मोजतो आणि आखूड की लांब एवढंच ठरवतो. याच हिशोबाने सेकंदाला साधारण १४०० बिट आत जातात, म्हणजे पूर्ण मेमरी भरणारा गेम चार-पाच मिनिटं खातो. कुठेतरी टेपला सुरकुती असेल, मोटर जरा मंद फिरली, व्हॉल्यूम एक रेघ कमी असेल की खेळ खलास. आणि काही चुका तर अशा की त्या ब्लॉकच्या अगदी शेवटी, पडताळणीचा तो एक बाइट आल्यावरच कळतात. चार मिनिटं तुम्ही श्वास रोखून बसलेले, आणि खाली एक ओळ उमटते, आर टेप लोडिंग एरर. परत रिवाइंड.

मध्ये चित्र येतं ते मात्र बघण्यासारखं. स्क्रीन वरून खाली एकसलग भरत नाही. वरचा एक तृतीयांश भाग आधी, त्यातही एक ओळ, मग सात ओळी सोडून पुढची, अशा विंचरल्यासारख्या रेघा, मग मधला, मग खालचा, सगळं काळंपांढरं. आणि सगळ्यात शेवटी रंगांचे ७६८ बाइट एका झटक्यात वरपासून खालपर्यंत रंगवत जातात. ६९१२ बाइटचं हे चित्र. ४८ केबीच्या मशिनमध्ये जवळपास सात केबी नुसतं स्क्रीन सांभाळण्यात जातात, उरलेल्यात गेम बसवायचा. रंग आठ बाय आठच्या चौकटीत दोनच, त्यामुळे हिरवा माणूस लाल भिंतीपाशी गेला की भिंत हिरवी नाहीतर माणूस लाल. पोरांना त्याचं काही वाटायचं नाही.

आमच्या घरी टेप अडकायला लागला की वडील स्पिरिटमध्ये कापूस बुडवून हेड पुसायचे आणि हेडशेजारचा तो बारीक स्क्रू घड्याळाच्या स्क्रूड्रायव्हरने अंदाजाने फिरवायचे, अभंगातला टाळ स्वच्छ वाजेपर्यंत. डिकीतून आणलेल्या कॅसेट लोड होईनात तेव्हा मी नेमका तोच उद्योग केला. फरक इतकाच की टाळाऐवजी त्या किंचाळीतला वरचा सूर धारदार व्हायला हवा. कान तोच लागतो. कामावरच्या त्या सहकाऱ्याला हे सांगितलं तर त्याच्या चेहऱ्यावर जो आदर आला तो मला आजवर कुठल्याही अप्रेझलमध्ये मिळाला नाही.

या वाट बघण्यावर मास्टरट्रॉनिकने नंतर भन्नाट तोडगा काढला. कमोडोरच्या काही कॅसेटमध्ये १९८७ पासून इन्व्हेड-अ-लोड नावाचा प्रकार आला, मूळ गेम लोड होतोय तोवर एक छोटा स्पेस इन्व्हेडर्ससारखा गेम खेळत बसा. रिचर्ड ॲप्लिन नावाच्या प्रोग्रामरची करामत. पुढे १९९०च्या दशकात जपानच्या नामको कंपनीने लोडिंगच्या वेळात छोटा गेम दाखवण्याच्या कल्पनेवर अमेरिकेत पेटंट मिळवलं आणि ते २०१५ पर्यंत चाललं, त्या सगळ्या काळात लोक प्लेस्टेशनसमोर कोरा पडदा बघत बसले. दोन पौंडांच्या कॅसेटवाल्यांनी हे आधीच करून ठेवलं होतं.

बरं, एवढ्या स्वस्तात गेम लिहायचं कोण? पोरंच. डेव्हिड आणि रिचर्ड डार्लिंग हे दोघे भाऊ शाळेत असल्यापासून गेम लिहायचे, मास्टरट्रॉनिकच्या सुरुवातीच्या मालात त्यांचे बरेच होते, आणि १९८६ मध्ये विशीच्या आसपास असताना वडिलांना बरोबर घेऊन त्यांनी स्वतःची कंपनी काढली, कोडमास्टर्स. किंमत तीच, १.९९. यांचं डोकं धंद्यात फार चालायचं. बऱ्याच गेमच्या नावात सिम्युलेटर, म्हणजे खऱ्या गोष्टीची हुबेहूब नक्कल. बीएमएक्स सिम्युलेटर, ग्रां प्री सिम्युलेटर, प्रो स्की सिम्युलेटर, इथवर ठीक आहे, पण फ्रूट मशीन सिम्युलेटरसुद्धा, म्हणजे पबमधलं ते जुगाराचं मशीन. त्यात सिम्युलेट काय करणार, खिसा रिकामा होणं? आणि कव्हरवर गेमची तोंडभर स्तुती करणारं वाक्य असायचं, खाली नाव बघावं तर कंपनीचाच माणूस. लग्नाच्या पत्रिकेत मुलाची तारीफ मुलाच्या आईने करावी तसं. तीच कोडमास्टर्स पुढे मोटर रेसिंगच्या गेमसाठी जगभर नावाजली आणि २०२१ मध्ये ईए या बड्या अमेरिकन गेम कंपनीने ती सव्वाशे कोटी डॉलरच्या घरात विकत घेतली.

कोडमास्टर्सचं खरं नाणं म्हणजे डिझी. फिलिप आणि अँड्र्यू ऑलिव्हर या जुळ्या भावांनी १९८७ मध्ये आणला. हिरो म्हणजे एक अंडं. हातात ग्लव्हज, पायात बूट, उडी मारली की कोलांटी. अंडं का, तर छोट्याशा जागेत तोंडावरचे भाव मोठे दिसावेत म्हणून तोंडच मोठं केलं, मग धडाला जागाच उरली नाही. आणि गोल गोष्ट गरागरा फिरवणं सोपं.

यातला दुसरा भाग, ट्रेझर आयलंड डिझी, १९८८ चा, मी इम्युलेटरवर (म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) नाही तर खऱ्या स्पेक्ट्रमवर खेळलो. बेटावर अडकलेलं अंडं, वस्तू गोळा करायच्या, ज्याची त्याला द्यायची, तीस नाणी शोधायची. एकच जीव. एक. मेलात की परत पहिल्यापासून. वस्तू धरायला जागा तीन, आणि चौथी उचलायला गेलात की सगळ्यात आधी उचललेली आपोआप खाली पडते. पाण्याखाली जायला स्नॉर्केल लागतो. आता विचार करा, स्नॉर्केल घेऊन समुद्राच्या तळाशी उतरलात, वाळूत एखादी वस्तू पडलेली दिसली, उचलली, आणि गळून पडला तो स्नॉर्केल. बुडालात. तासाभराची मेहनत गेली. ही गोष्ट माझ्या सहकाऱ्यांपैकी प्रत्येकाने मला स्वतंत्रपणे सांगितलीय, तळतळाटासकट, जणू काल झालं. मला वैयक्तिक विचाराल तर तो निव्वळ दुष्टपणा आहे, आजचा कुठलाही डिझायनर असं करणार नाही. पण त्यामुळे पाण्यात उतरण्याआधी वस्तूंचा क्रम डोक्यात लावायची जी सवय लागते ती काही वेगळीच. खिशात काय आधी टाकलं हे लक्षात ठेवणं हाच गेम.

आणि संगीत! कमोडोर ६४ मध्ये सिड नावाची चिप होती, बॉब यानेसने केलेली, एका वेळी तीन सूर. फक्त तीन. रॉब हबर्ड नावाच्या माणसाने या तीन सुरांतून जे काढलंय ते ऐकून बघा, बास, ताल आणि वरची धून एकाच सुरात आलटून पालटून घालायची, इतक्या झपाट्याने की कानाला चार-पाच वाद्यं वाटतात. त्याची काही उत्तमोत्तम कामं या स्वस्त कॅसेटवर आहेत. वन मॅन अँड हिज ड्रॉइड हा मेंढपाळ आणि कुत्र्याच्या टीव्ही कार्यक्रमाच्या नावावरून बेतलेला गेम, मास्टर ऑफ मॅजिक, ॲक्शन बायकर, द लास्ट व्ही-एट, सगळे १९८५ चे. यातला लास्ट व्ही-एट मास्टरट्रॉनिकच्या जरा महागड्या, २.९९ वाल्या लेबलचा. गाडी चालवायची आहे, वरून दिसणारा रस्ता, स्टिअरिंग असं की पहिल्या वळणाला झाडावर. पहिलं वळण पार केलेला माणूस मला अजून भेटायचाय. पण लोक तो लोड करायचे, टायटल स्क्रीनवर सोडून द्यायचे आणि होमवर्क करत ऐकत बसायचे. तीन पौंडात तेवढ्या दर्जाची म्युझिक कॅसेट कुठे मिळणार होती? हबर्ड पुढे अमेरिकेत ईएमध्ये गेला, आणि त्याच्या धुनांचे आज ऑर्केस्ट्रावर कार्यक्रम होतात.

हे सगळं वाचून वाटेल की ते दिवस काय सोन्याचे होते. नव्हते. शूबॉक्समधल्या बहुतेक कॅसेट भिकार आहेत, स्पष्ट सांगतो. कुठलं बटण दाबायचं ते कळत नाही, माणूस भिंतीत अडकतो, दुसऱ्याची कल्पना नाव बदलून ढापलेली. हा कचरा एवढा ओळखीचा होता की एका कंपनीने त्याचाच माल केला. ब्रिटिश टेलिकॉम, म्हणजे इथली टेलिफोन कंपनी, हिने १९८४ मध्ये गेमच्या धंद्यात उडी मारली होती, फायरबर्ड या नावाने. (आपल्याकडे तेव्हा फोनचा नंबर लागायला वर्षं जायची नाहीतर खासदाराची चिठ्ठी लागायची, आणि इथे टेलिफोनवाले गेम विकत होते.) तर या फायरबर्डने लोकांनी पाठवलेल्या गेममधले पाच सगळ्यात टुकार निवडले, १९८५ मध्ये एका कॅसेटवर घातले आणि नाव दिलं डोन्ट बाय धिस. वर जाहीर केलं की याचा कॉपीराइट आम्ही सोडलाय, बिनधास्त कॉपी करा. पोरांनी हौसेने विकत घेतली.

याच फायरबर्डने त्याच वर्षी शाहिद अहमद नावाच्या तरुणाचा किमेरा हा गेम आणला. कॅसेट विकणाऱ्या काउंटरमागे तेव्हा आपल्या उपखंडाचे चेहरे गावोगावी होते, कॅसेटवरच्या नावांत मात्र फार क्वचित, म्हणून हे नाव मला मुद्दाम लिहावंसं वाटलं. पुढे तो सोनीमध्ये गेला आणि छोट्या स्वतंत्र गेमवाल्यांना प्लेस्टेशनचं दार उघडून देणारा माणूस म्हणून ओळखला गेला.

कचऱ्याबद्दल माझा सहकारी एक गोष्ट बोलला ती मला पटली. म्हणाला, दोन आठवड्यांचे पैसे घालून आणलेला गेम भिकार निघाला तरी तो फेकता यायचा नाही, कारण पुढचे दोन आठवडे दुसरं काही मिळणारच नाही. मग तोच खेळायचा. भिंतीत अडकलेला माणूस कुठल्या कोपऱ्यात अडकत नाही ते शोधायचं, स्वतःच नियम बनवायचे, भावाशी पैज लावायची, आणि महिन्याभराने त्या टुकार गेममधलं सगळं पाठ. फुकट कॉपी केलेल्या कॅसेट त्याच्याकडे ढीगभर होत्या, त्यातल्या एकाचंही नाव आठवत नाही. पैसे दिलेले सगळे आठवतात, आणि कुठल्या दुकानातून घेतला तेही.

आपल्याकडे हे का झालं नाही असा प्रश्न मला पडायचा. मशीन तर पोचलं होतं. १९८४ मध्ये सरकारच्या क्लास योजनेतून २५० च्या आसपास शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले, आणि १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने रीतसर परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस भारतात आणला. पण शाळेतला कॉम्प्युटर म्हणजे एसी खोली, चपला बाहेर, हात लावायचा नाही. आणि घरी घ्यायचा तर तो खेळणं म्हणून कुणी घेणार नाही, पोराच्या करिअरसाठी घेणार. त्यावर गेम म्हणजे वडिलांच्या शिव्या. खेळण्यासाठी म्हणून चार-दोन पैसे उडवणारं पोरगं आणि ते पैसे घेणारं कोपऱ्यावरचं दुकान, ही साखळी जुळलीच नाही.

पण साखळी नव्हती असंही नाही, ती गाण्यांसाठी जुळली. मास्टरट्रॉनिक पेपरवाल्यांकडे स्टँड लावत होती त्याच वर्षांत गुलशन कुमारने टी-सिरीजच्या कॅसेट किराणा दुकानात आणि पानाच्या टपरीवर ठेवल्या, बड्या कंपनीच्या निम्म्याहून कमी किमतीत. तोही संगीतवाला नव्हे, दर्यागंजमध्ये घरचं ज्यूसचं दुकान. त्यातही भरपूर कचरा, ढापाढापी, कव्हर व्हर्जन, आणि त्याच रेट्यात भक्तिगीतं, लोकगीतं, लहान भाषांतली गाणी अशा लोकांपर्यंत गेली ज्यांना रेकॉर्ड प्लेअर कधी परवडणार नव्हता. सांगली स्टँडसमोरच्या टपरीवर तंबाखूच्या पुड्यांवर लटकणाऱ्या कॅसेट मला लख्ख आठवतात. ती टपरी आणि कंपालाच्या काकांचा तो स्टँड, माल वेगळा, डोकं एकच.

स्वस्त गेमचा शेवट फार नाट्यमय नव्हता, आतून पोखरत गेला. मोठ्या कंपन्यांनी जुने दहा पौंडांचे हिट गेम दोन-तीन पौंडांत परत आणले, द हिट स्क्वॉड, किक्स अशी लेबलं, मग नवख्या पोराचा नवीन गेम कोण घेणार? मासिकांनी कव्हरवर फुकट कॅसेट चिकटवायला सुरुवात केली, एकेका अंकात अख्खे गेम. १.९९ चे २.९९ झाले, मग ३.९९. स्पेक्ट्रम १९९२ मध्ये बंद झाला. आणि मास्टरट्रॉनिक? ती आधी व्हर्जिनने घेतली, व्हर्जिन मास्टरट्रॉनिक झाली, तिला ब्रिटनमध्ये सेगा या जपानी कंपनीचे गेम कन्सोल विकायचं काम मिळालं, आणि १९९१ मध्ये सेगाने ती कंपनीच विकत घेऊन तिची आपली युरोपची शाखा केली. म्हणजे सेगाच्या सोनिकचे चाळीस पौंडांचे गेम ज्या ऑफिसातून विकले गेले त्याचा पाया पेट्रोल पंपावरच्या दोन पौंडांच्या कॅसेटवर उभा होता. व्हिडिओवाल्यांना कुठली डबी विकतोय याने फरक पडत नाही हे पुन्हा सिद्ध.

कुणाला खेळून बघायचं असेल तर इम्युलेटर फुकट आहेत, टेपच्या किंचाळीशिवाय दोन सेकंदात गेम चालू होतो. लास्ट व्ही-एटच्या वाट्याला जाऊ नका, त्याचं गाणं तेवढं ऐका. सुरुवात थ्रस्टपासून करा, जेरेमी स्मिथचा, फायरबर्डने १९८६ मध्ये १.९९ ला विकलेला. रेघांनी काढलेलं एक यान, खाली ओढणारं गुरुत्वाकर्षण, आणि काठीला टांगलेला एक जड गोळा गुहेतून वर न्यायचा. गोळा झुलतो, झुलताना यानाला ओढतो, तुम्ही सावरायला जाता आणि जास्तच झुलतो. पहिली गुहा जमली की मला कळवा. तिसरीत मी अजून अडकलोय.